मास्तरांच्या रक्ताची लय

“मास्तर, थांबा. पायडलावर काहीतरी सांडलंय.”

पदाच्या दुसऱ्या ओळीवर मी गाणं सोडलं, म्हणजे हुक्केरीकर मास्तरांच्या लेखी मोठाच गुन्हा केला. तालमीत सूर घसरला तर ते एक वेळ सोसत, पण मध्येच थांबलेलं त्यांना मुळीच खपत नसे. ऑर्गनच्या पट्ट्यांवरचे हात न उचलता त्यांनी चष्म्यावरून माझ्याकडे पाहिलं.

“सांडलंय तर सांडू दे की. तू का सांडलीस?”

“अहो, लाल आहे. ओलं आहे.”

ऑर्गनच्या दोन्ही पायडलांवर जुन्या गालिचाचे तुकडे ठोकलेले होते. त्यातला डावा तुकडा पुढच्या बाजूला भिजून काळपट झाला होता. मास्तरांनी वाकून पाहिलं आणि लगेच निकाल दिला, “पानाची पिचकारी आहे. शामराव, हे तुझं काम.”

शामराव आवटी आमच्या हौशी नाटकमंडळींचा दिग्दर्शक, नायक आणि तालमीला चहा सांगणारा माणूस. पोटापाण्याला रेल्वेत कारकून. पान खायचा, पण ऑर्गनवर थुंकण्याइतका बहकलेला नव्हता. तो तरातरा आला, “मी? देवाशप्पथ मास्तर, आज पानाला शिवलोसुद्धा नाही!”

मग मास्तरांनी डावा पाय उचलून उजव्या गुडघ्यावर घेतला. चवड्यावर, अंगठ्याच्या बुडाशी, नाण्याएवढी जखम होती. कडा पांढऱ्या, जाडसर, आणि आतून रक्त पाझरत होतं. शामरावनं गालिचाचा तुकडा उचकटला, तर खाली एका खिळ्याचं डोकं चांगलं वर आलेलं. किती दिवस मास्तर त्या खिळ्यावर पाय मारत होते कोण जाणे.

“दुखत नाही तुम्हाला?” मी विचारलं.

“छे गं.” त्यांच्या आवाजात चक्क अभिमान होता. “तुला सांगितलं नव्हतं का मी? पाय आणि पायडल यातला फरक कळेनासा झालाय आता.”

सांगितलं होतं, एकदा नाही, अनेकदा. मिरजेतल्या एका तेलाच्या गिरणीमागच्या खोलीत आमच्या तालमी चालायच्या. शेंगदाण्याच्या पेंडीचा वास, कंदिलाएवढा उजेड देणारा एकच दिवा, आणि भिंतीला टेकलेला तो शिसवी ऑर्गन. तालीम संपली की मास्तर मला थांबवून घेत आणि साधनेच्या गोष्टी सांगत. पहिली दहा वर्षं पाय भरून येतात, म्हणत. पुढची दहा वर्षं पायांची आठवण राहते. आणि मग एक दिवस असा येतो की आपण पायडल मारतोय हेच पायांना कळत नाही, भाता आपोआप श्वास घेतो. तो दिवस आपल्या आयुष्यात आला, असं ते गेली दोनेक वर्षं सांगत होते. पेटीला पाय लावायचा तो अनवाणीच, हा त्यांचा नेम. बसण्याआधी दोन्ही पायडलांना हात लावून तो कपाळाला लावायचे. मी तेव्हा बावीस वर्षांची, कन्याशाळेत नुकती शिक्षिका झालेली. माझाही गळा एक दिवस मला कळेनासा होईल, अशा आशेवर मी रियाझ करत होते. मास्तर म्हणतील ते ब्रह्मवाक्य, असे माझे ते दिवस.

दुसऱ्या दिवशी रविवार होता. सकाळीच अंबूकाकू माझ्या दारात उभ्या.

अंबूकाकू म्हणजे मास्तरांची बायको. घरी शिवणयंत्रावर ब्लाऊज शिवायच्या. अर्ध्या गल्लीच्या अंगावर त्यांचीच शिलाई. मास्तरांच्या ऑर्गनला त्या सवत म्हणायच्या आणि एवढ्या वर्षांत एकाही प्रयोगाला आल्या नव्हत्या. मास्तरांनी कधी बोलावलं नाही आणि काकूंनी कधी विचारलं नाही, असा तो सरळ मामला होता.

“वैजू, चल गं माझ्यासंगं,” त्या म्हणाल्या. “मगदूम डॉक्टरीणबाईंकडं न्यायचंय ह्यांना. माझं एक ऐकत नाहीत. तू आलीस तर लाजेखातर तरी येतील.”

ते आले, पण कुरकुरत. साखरेचा त्रास त्यांना बरीच वर्षं होता. त्याचा बंदोबस्त म्हणजे चहात साखर कमी आणि प्रयोगानंतरच्या जिलबीत मात्र सूट. डॉक्टर शशिकला मगदूम बारीक अंगाच्या, कमी बोलणाऱ्या. त्यांनी जखम पाहिली, काही न बोलता कपाटातून एक स्वरकाटा काढला, तळहातावर आपटला आणि त्याचा दांडा मास्तरांच्या अंगठ्यावर टेकवला.

“मास्तर, डोळे मिटा. कळतंय का?”

“कळतंय की.”

“थांबलं की सांगा.”

“थांबलं,” मास्तर बरोबर वेळेवर म्हणाले आणि वर खुशीत पुढे गेले, “पांढरी एक आहे बघा, खर्जातली. पण जराशी उतरलेली आहे हं.”

डॉक्टर हसल्या. मग त्यांनी कापसाचे दोन मोठे बोळे घेतले, मास्तरांच्या कानांत घातले आणि वरून काकूंना हात दाबून धरायला सांगितले. पुन्हा काटा वाजवला, पुन्हा अंगठ्यावर ठेवला. मास्तर डोळे मिटून बसले होते. काटा थरथरत होता, मला डोळ्यांनी दिसत होता.

“ठेवा की,” मास्तर मोठ्यानं म्हणाले. “कशाला थांबलाय?”

डॉक्टरांनी काटा घोट्यावर नेला, मग नडगीवर, मग गुडघ्याच्या खाली. तिथं कुठं मास्तर दचकले, “हां, आता लागला!” उजव्या पायाचीही तीच कथा. काकूंनी त्यांच्या कानांवरचे हात काढले. काय झालं ते त्यांना समजलं होतं, मलाही समजलं होतं. मास्तर मात्र एकेकाच्या तोंडाकडे पाहत राहिले.

“सूर ऐकू येत होता मास्तर,” डॉक्टर म्हणाल्या, “पायाला कळत नव्हता. साखरेनं पायाच्या नसा मारल्यात. दोन्ही पाय बहिरे झालेत तुमचे.”

“ती साधना आहे हो बाई.”

“साधना नाही. आजार आहे.”

मास्तरांचा चेहरा एवढा उतरलेला मी त्याआधी पाहिला नव्हता, नंतरही फारसा नाही. जखमेचं ऐकून ते डगमगले नव्हते. पण आयुष्यभराची कमाई म्हणून जे मिरवलं ते दुखणं निघालं, याचा घाव त्यांना बसला. मला तर रडूच आलं. काकूंनी मला डोळ्यांनीच दटावलं.

मग डॉक्टरांनी बोथट टोकाची सळई घेऊन जखमेत घातली. ती आत गेली, गेली आणि कशाला तरी टेकली. बारीकसा टक्क आवाज मीही ऐकला. डॉक्टरांनी सळई बाहेर काढली आणि म्हणाल्या, “रक्त घ्यायला हवं. आणि पायाचा फोटो.”

फोटो दुपारी काढून आणला, संध्याकाळी आम्ही परत दवाखान्यात. आता शामरावही सोबत होता. तीन आठवड्यांवर सांगलीला संगीत नाटकांची स्पर्धा आलेली. त्यानं काचेसमोर फोटो धरला आणि सगळ्यांना दाखवला, “बघा की, हाड कसं स्वच्छ आहे! कुठं टवकासुद्धा नाही. गोळ्या द्या बाई, पट्टी बांधा, प्रयोग झाला की पुढं बघू.”

“हाडात पू शिरला तरी फोटोत दिसायला दोन-तीन आठवडे जातात,” डॉक्टर म्हणाल्या. “रक्त आधी बोलतं.”

टेबलावर लाकडी घोडीत एक उंच, बारीक काचेची नळी उभी केली होती. मास्तरांचं रक्त तिच्यात काठोकाठ भरलेलं. डॉक्टरांनी सांगितलं ते मला आजही जसंच्या तसं आठवतं. रक्त असं उभं ठेवलं की तांबड्या पेशी सावकाश खाली बसतात आणि वर पिवळसर पाणी उरतं. अंगात कुठं मोठी सूज किंवा पू असला की पेशी एकमेकींना चिकटतात आणि भराभर खाली येतात. तासाभरात किती मिलिमीटर खाली आल्या, ते मोजायचं. मास्तरांच्या वयाला वीस-पंचवीस ठीक. पायात अशी जखम असताना सत्तरच्या वर गेलं, तर हाडाची शंका घ्यायची.

“म्हणजे लयच म्हणा की,” मास्तर म्हणाले. दिवसभरात पहिल्यांदाच त्यांच्या आवाजात जीव आला. “विलंबित असलं तर बरं, द्रुत झालं की बिघडलं.”

“तसंच समजा.”

आम्ही चौघं त्या नळीसमोर बसून राहिलो. डॉक्टर बाकीचे पेशंट तपासत होत्या. मला वाटलं होतं की रक्त खाली बसताना काही दिसणार नाही. पण दिसत होतं. आधी वर केसाएवढी पिवळी रेघ आली. मग ती बोटाच्या पेराएवढी झाली. मास्तर मांडीवर बोटं आपटत होते, सवयीनं. थोड्या वेळानं त्यांनी बोटं थांबवली आणि नुसतं पाहत बसले. काकूंनी पदराची गाठ सोडली, बांधली, पुन्हा सोडली. शामराव म्हणाला, “सावकाश चाललंय बघा, काही नाही होत.”

तास भरला तेव्हा नळीत वरचा अर्धा भाग पिवळा झाला होता. डॉक्टरांनी वाकून आकडा वाचला.

“शंभर.”

मास्तर हसले. “बघ अंबू. माझ्याआधी माझ्या रक्तानं शंभरी गाठली.”

कुणालाच हसू आलं नाही. शामरावनं शेवटचा प्रयत्न केला. “हा आकडा कशानंही वाढतो बाई. माझ्या सासूबाईंचा असाच वाढला होता. शेवटी निघाली दाढ!”

“वाढतो,” डॉक्टरांनी मान्य केलं. “एकट्या आकड्यावर मीही हाड कापायला सांगितलं नसतं. दाढ असते, क्षय असतो, रक्त कमी असलं तरी वाढतो. पण सळई हाडाला लागली आणि आकडाही शंभर. दोघांची साक्ष एकच आहे. अंगठा काढावा लागेल, त्याच्या मागचं थोडं हाडही. या आठवड्यात. थांबलात तर पाऊल जाईल, आणखी थांबलात तर गुडघ्याखालून पाय.”

“प्रयोगानंतर,” मास्तर म्हणाले.

“तोवर अंगठ्यावर भागणार नाही.”

“बाई, तुम्हाला नाही कळायचं.” मास्तर आता हात जोडून बोलत होते. “भात्याचा सगळा दाब अंगठ्यात असतो. सूर बारीक करायचा, मोठा करायचा, गाणारी दम घेते तेव्हा जरा धरून ठेवायचा, ते सगळं अंगठ्यानं. अंगठा गेला की मी गेलो. मग पाय ठेवून काय करू? गल्लीत फिरू?”

“अंगठा राहिला तरी आता पायडल मारता येणार नाही,” डॉक्टर शांतपणे म्हणाल्या. “उजव्या पायानंसुद्धा नाही. तोही बहिरा आहे. खिळा नसेल तर दुसरं काही लागेल, आणि तुम्हाला कळणार नाही.”

“मग हातपेटी घेऊ,” शामराव पुटपुटला.

“एक हात भात्यावर गेला तर दोन हातांचं कोण वाजवणार? तू?” मास्तर त्याच्यावर खेकसले. मग खाली बघत म्हणाले, “मी पाय देणार नाही. राहील तोवर राहील.”

ते खरोखरच तसं करणार होते. त्यांचा हट्ट मला माहीत होता. एकदा नाही म्हणाले की ब्रह्मदेव आला तरी नाही. मी काकूंकडे पाहिलं. काकू अजून त्या नळीकडेच बघत होत्या.

“कापा,” त्या म्हणाल्या.

“अंबू, तुला काय कळतंय त्यातलं?”

“सगळं कळतंय. भाता मी मारते.”

शामरावला हसू फुटलं. तो तोंडावर रुमाल धरून खोकल्यासारखं करू लागला. मास्तर इतके चकित झाले की रागवायचंसुद्धा विसरले.

“तू? ऑर्गनचा भाता?”

“जन्मभर मशीनचं पायडल मारतेय की. ते काय हातानं चालतंय?”

“अगं ते लोखंड आहे. हा सूर आहे!”

“असू दे. तुम्ही वाजवा, मी वारा देते. नाही जमलं तर नाही जमलं. पण तुमचा पाय मी असा कुजत बघणार नाही. आणि तुम्ही नाही म्हणालात तर मी आजपासून जेवणार नाही. वैजू साक्षीला आहे.” मग आवाज एकदम खाली आणून, “मला पांढऱ्या कपाळानं राहायला लावू नका हो.”

मास्तरांनी डॉक्टरांकडे न बघता होकाराची मान हलवली.

अंगठा गेला. मागचं हाड काढलं तेव्हा ते पोकळ आणि मऊ झालेलं निघालं, असं डॉक्टरांनी नंतर काकूंना सांगितलं. दवाखान्यातून मास्तर घरी आले ते आरामखुर्चीत. पाय स्टुलावर, दारात येणाऱ्या प्रत्येकाला अंगठ्याची तीच ती हकीकत. दर आठवड्याला मगदूमबाई स्वतः येऊन रक्त न्यायच्या. नळीतला आकडा उतरू लागला तर जखमेखालचं हाड निर्मळ, चढला तर पुन्हा सुरी. म्हणून त्या दिवशी आमच्या सगळ्यांचा जीव टांगणीला. पहिल्या खेपेला नव्वदच्या आसपास आला आणि मास्तरांनी रात्रीचा भात ताटातच ठेवला. दुसऱ्या खेपेला चांगलाच उतरला.

स्पर्धेचा आमचा दिवस शामरावनं कुणाच्या तरी हातापाया पडून सगळ्यात शेवटी ढकलून घेतला. त्यामुळे हाताशी थोडे दिवस उरले, आणि ऑर्गन तालमीच्या खोलीतून मास्तरांच्या घरात आला.

पहिल्या दिवशीची तालीम आठवली की मी अजून एकटी हसते. बाकावर मधोमध अंबूकाकू, दोन्ही पाय नव्या गालिचाच्या पायडलांवर. त्यांच्या उजवीकडे खुर्चीत तिरके बसलेले मास्तर, डावा पाय स्टुलावर, उजवा हात पट्ट्यांवर, आणि डावा हात काकूंच्या पुढून पलीकडे लांब केलेला. म्हणजे काकू त्यांच्या कवेतच.

“बाई गं,” काकू कानापर्यंत लाल झाल्या. “लग्नात खांद्याला खांदा लागला नाही आपला, आणि आता हे. वैजू, तू तिकडं तोंड कर.”

“तोंड तिकडं केलं तर गाणार कशी मी?”

“मग डोळे मीट.”

त्यांनी पाय मारायला सुरुवात केली आणि ऑर्गन किंचाळला. मास्तरांनी पट्टी सोडली, पुन्हा धरली. काकूंचे पाय एका चालीवर, न थांबता, टकाटक टकाटक. सूर मोठाही होईना, लहानही होईना.

“अगं शिवण घालू नकोस! ब्लाऊज नाही हा!”

“मग कसं? सांगा की नीट.”

“श्वास घे तसं.”

“श्वास काय मी बघून घेते होय?”

दोघांचं असं जुंपलं की मी आत जाऊन चहा ठेवला. भांडणं पाच-सहा दिवस चालली. मास्तर म्हणायचे, हिला ताल आहे पण सूर नाही. काकू म्हणायच्या, ह्यांना सूर आहे पण तोंडाला लगाम नाही. मग एका संध्याकाळी काकू पायडलाकडे बघायचंच सोडून मास्तरांच्या उजव्या खांद्याकडे बघू लागल्या. मास्तर स्वर वाढवायचे तेव्हा तो खांदा किंचित पुढे जायचा. ही गोष्ट मास्तरांना स्वतःला ठाऊक नव्हती, मलाही कधी दिसली नव्हती. काकूंना मात्र पक्की ठाऊक होती. मास्तर घरी हातपेटीवर चाली बसवत, तेव्हा आतल्या खोलीतल्या मशीनवरून दाराच्या फटीतून एवढी वर्षं त्यांना तो एक खांदाच दिसत आलेला. त्या दिवशी पद पहिल्यापासून शेवटपर्यंत एकदाही न अडखळता गेलं. मास्तरांनी चष्मा काढून पुसला आणि म्हणाले, “पुन्हा एकदा घेऊ.”

स्पर्धेच्या आदल्या दिवशी मगदूमबाई आल्या. रक्ताचा आकडा तिशीत उतरला होता. जखम कोरडी, कडा गुलाबी. “जा,” त्या म्हणाल्या, “पण पाय खाली टेकवला तर माझ्याशी गाठ आहे.”

सांगलीचा प्रयोग दुपारचा होता. ऑर्गन टेम्पोतून गेला, मास्तर आणि काकू डॉक्टरांच्या गाडीतून. रंगमंचाच्या कडेला, प्रेक्षकांना दिसेल अशा जागी ऑर्गन लावला होता. काकू जांभळं इरकल नेसून आल्या. पडदा उघडायच्या आधी त्या माझ्या कानाशी लागल्या, “वैजू, लोक हसतील गं.”

लोक हसले. पडदा उघडला तसा मागून कुणीतरी खाकरलं, कुणीतरी म्हणालं, “मास्तरांनी घरचा पंखा आणलाय वाटतं!” आणि हशा पिकला. काकूंनी मान खाली घातली. मास्तरांचे कान तांबडे झालेले मला विंगेतून दिसत होते. मग नांदी सुरू झाली, काकूंनी मान वर करून त्या खांद्याकडे पाहिलं, आणि हशा कधी विरला ते कळलंच नाही.

माझं मुख्य पद तिसऱ्या अंकात होतं. त्यात शेवटी एक लांब स्वर येतो आणि त्यानंतर दम घ्यायला एक जागा आहे. तालमीत तिथं मी नेहमी घाई करायचे. त्या दिवशी मी दम घ्यायला थांबले तर मागे ऑर्गनचा सूर नुसता तरंगत राहिला, इतका बारीक की आहे की नाही ते कळू नये. घाई कर म्हणत नव्हता, थांब म्हणत नव्हता. मी तिकडे पाहिलं. मास्तरांचे हात पट्ट्यांवर स्थिर होते. काकूंचे ओठ घट्ट मिटलेले, कपाळावर घाम, आणि पाय इतके हळू चाललेले की हलताना दिसतही नव्हते. मी मनसोक्त श्वास घेतला. पुढची ओळ मी जशी गायले तशी नंतर पुन्हा कधी गायले नाही, आणि त्याचं वाईटही वाटत नाही.

आता त्या गोष्टीला चाळीस वर्षं होत आली. मास्तर पुढं बरंच जगले, तेवढ्याच पायांवर; पुन्हा सुरी लागली नाही. हल्ली पायाच्या जखमेला रक्ताच्या दहा तपासण्या करतात, सीआरपी की काय, आणि मशीन क्षणात आकडा काढून देतं. माझ्या भाच्याचा तसला कागद परवा पाहिला. सगळं कसं झटपट. पण रक्तासमोर चौघांनी तासभर बसून राहायचं, ते आता कुणाच्या वाट्याला येत नसेल.

त्या दिवशी प्रयोग संपला. टाळ्या खूप झाल्या. मी तोंडावरचा रंग न उतरवता मास्तरांना नमस्कार करायला रंगपटात धावले, आणि दारातच थबकले.

आत दोघंच होते. काकू खुर्चीवर बसल्या होत्या. तीन तास पायडल मारून त्यांचे पाय टम्म सुजले होते, वहाणा चढेनात. मास्तर समोरच्या ट्रंकेवर बसलेले, पट्टीचा पाय बाजूला लांब केलेला, आणि काकूंचे दोन्ही पाय त्यांनी स्वतःच्या मांडीवर घेतले होते. रंग काढायला ठेवलेल्या वाटीतलं खोबरेल त्यांनी तळव्यांना लावलं होतं आणि अंगठ्यानं सावकाश चोळत होते.

“अहो, सोडा पाय,” काकू रडकुंडीला आल्या होत्या. “कुणी बघेल. पाप लागेल मला.”

“लागू दे. हलू नकोस.” मास्तरांनी मान वर केली नाही. “कुठं दुखतं?”

“कुठं नाही.”

“खोटं बोलू नको, अंबू. तुला कळतंय ना? मग सांग. इथं?”

“इथं नाही.”

“इथं?”

काकूंनी डोळे पुसले. मग अगदी हळू म्हणाल्या, “जरा वर. हां. तिथं.”